उत्तर माहीत नसलेलं प्रॅक्टिकल

पडद्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या आहेत. वरच्या पट्टीवर कॉम्प्युटरने बांधलेला अंदाज: इथून इथपर्यंत एक जनुक, त्यातले हे तुकडे कामाचे, हे वगळायचे. खाली पुरावा, म्हणजे एका कृमीच्या शरीरातून प्रत्यक्ष मिळालेल्या आरएनएचे तुकडे, विटांसारखे रचून ठेवलेले. अंदाज आणि पुरावा जुळत नाहीत. अंदाज म्हणतो तुकडा इथे संपला. विटा मात्र आणखी पंधरा-वीस अक्षरं पुढे गेलेल्या. मग माउस त्या कडेवर न्यायचा, अक्षरं मोठी करायची आणि शोधायचं. वगळायचा भाग बहुधा ‘जीटी’ या जोडीने सुरू होतो आणि ‘एजी’ने संपतो. जोडी सापडली की कड ओढून तिथे आणायची, शेजारच्याला दाखवायची, त्याला पटलं तर नोंद करायची. मग पुढचं जनुक.

हे काम इंग्लंडमधल्या शाळांतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनी केलं. उपक्रमाचं नाव ‘जीनोम डिकोडर्स’. शाळांना खऱ्या संशोधनात उतरवण्यासाठी 2016 साली स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन स्कूल्स’ ही संस्था आणि केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन गावातली वेलकम सँगर इन्स्टिट्यूट यांनी मिळून तो चालवला. कृमी होता व्हिपवर्म, म्हणजे चाबकासारखा दिसणारा, माणसाच्या मोठ्या आतड्यात डोकं खुपसून राहणारा जंत. जगभर कोट्यवधी लोकांच्या, त्यातही लहान मुलांच्या पोटात तो असतो. त्याचा जीनोम 2014 साली प्रसिद्ध झाला होता, पण कॉम्प्युटरने आखलेल्या जनुकांच्या सीमा जागोजागी चुकलेल्या होत्या आणि त्या डोळ्यांनी तपासून दुरुस्त करायला शास्त्रज्ञांकडे तेवढे हात नव्हते. आपल्याकडे 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात. गोल जंतावर ती उत्तम चालते. व्हिपवर्मवर तिचा एक डोस फार कमी पडतो. नवं औषध शोधायचं तर आधी या कृमीची जनुकं नीट वाचता आली पाहिजेत. त्या मुली-मुलांच्या माउसच्या टोकाला हा प्रश्न होता.

शालेय वयातल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठांच्या आरोग्यसंशोधनात सामील करून घेण्याचे प्रयोग ब्रिटनमध्ये गेली दोन-अडीच दशकं सुरू आहेत. या लेखात त्यांच्याकडे पाहताना मी एकच कसोटी हाताशी ठेवली आहे. मुलांनी हे काम केलं नसतं तर संशोधनाचं काही अडलं असतं का? अडलं असतं तर तो सहभाग खरा. नाही तर ती सहल. सहलही चांगलीच असते, पण तिला संशोधन म्हणू नये.

ही कसोटी मला का महत्त्वाची वाटते, ते सांगते. ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची दोन वर्षं. माझ्या त्या दोन वर्षांत फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला साध्या लंबकावरून ‘जी’ काढायचा असे. उत्तर 980 यायला हवं, हे आम्हा सगळ्यांना लंबक हलवण्याआधीच पाठ. एकदा माझं 943 आलं. सरांनी पुन्हा रीडिंग घ्यायला सांगितलं नाही. ‘जर्नलमध्ये नीट लिही’ म्हणाले. मी उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग भरली आणि जर्नल सर्टिफाय झालं. ते 943 का आलं असेल, दोरीची लांबी मोजताना चूक झाली की आंदोलनं मोजताना, हा त्या दोन वर्षांतला माझा एकमेव खरा प्रश्न होता. तो तिथेच खोडला गेला.

ब्रिटिश शाळांतही प्रॅक्टिकलचं उत्तर बहुतेक आधी ठरलेलंच असतं. म्हणून कँटरबरीच्या सायमन लँग्टन ग्रामर स्कूलची गोष्ट तिथल्या शिक्षकांना आजही मोलाची वाटते. 2008 च्या सुमारास या शाळेने केंट विद्यापीठाच्या मदतीने मल्टिपल स्क्लेरोसिसशी संबंधित एक काम हाती घेतलं. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला चढवते. त्या आवरणातलं एक महत्त्वाचं प्रथिन म्हणजे मायलिन बेसिक प्रोटीन. त्याचा अभ्यास करायचा तर ते हाताशी हवं. सिक्स्थ फॉर्मच्या विद्यार्थ्यांनी या प्रथिनाचं मानवी जनुक यीस्टच्या पेशीत घालून ते तिथे तयार करून घेण्याचा उद्योग शाळेच्या लॅबमध्ये आरंभला. रॉयल सोसायटी आणि वेलकम ट्रस्टने पैसे दिले. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, पिपेट आणि पेट्री डिश घेऊन एका तुकडीने सोडलेलं काम पुढची तुकडी उचलत असे. यीस्ट वाढत नाही, जेलवर अपेक्षित पट्टी दिसत नाही, असे दिवस अशा कामात पुष्कळ येतात. जेलवर पट्टी न दिसण्याला तिथे कोणी ‘नीट लिही’ म्हणू शकत नाही, कारण नीट काय असतं ते कोणालाच ठाऊक नसतं. याच शाळेतल्या फिजिक्सच्या शिक्षिका बेकी पार्कर यांनी विद्यार्थ्यांकडून वैश्विक किरण मोजणारं उपकरण घडवून घेतलं, ते 2014 साली उपग्रहावरून अवकाशात गेलं, आणि पुढे वर उल्लेखलेली शाळा-संशोधन संस्थाही त्यांनीच उभी केली.

ऑस्ट्रेलियातलं एक उदाहरण जास्त गाजलं. 2015 मध्ये अमेरिकेत डॅराप्रिम या जुन्या औषधाच्या एका गोळीची किंमत साडेतेरा डॉलरवरून एकदम 750 डॉलर झाली. पुढच्या वर्षी सिडनी ग्रामर स्कूलच्या अकरावीच्या मुलांनी सिडनी विद्यापीठातल्या अ‍ॅलिस विल्यमसन आणि मॅथ्यू टॉड यांच्या मार्गदर्शनाखाली त्या औषधातलं पायरिमेथामिन हे द्रव्य शाळेच्या लॅबमध्ये बनवून दाखवलं, 3.7 ग्रॅम, सुमारे 20 डॉलर खर्चात. मूळ कृतीतलं एक घातक रसायन शाळेत वापरता येणार नव्हतं, तेव्हा दुसरी वाट काढली आणि प्रत्येक दिवसाची नोंद सगळ्यांना दिसेल अशी इंटरनेटवर ठेवली. माझी कसोटी इथे थोडी अडखळते. औषध कसं बनवायचं हे जगाला आधीच माहीत होतं. भारतात तर ते काही रुपयांत मिळतं. मुलांनी सिद्ध केलं ते किमतीबद्दलचं सत्य, रसायनशास्त्रातलं नव्हे. तरी त्या उघड्या नोंदवहीचं मला मोल वाटतं, कारण फसलेले प्रयत्नही तिच्यात तसेच होते.

आता ज्या कामाबद्दल फारसं बोललं जात नाही तिकडे वळते. ब्रिटनच्या आरोग्याला सिक्स्थ फॉर्मच्या विद्यार्थ्यांनी दिलेली सगळ्यात मोठी देणगी त्यांच्या घशातून आली आहे.

मेनिंगोकॉकस हा जिवाणू नाक-घशात राहतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. क्वचित तो रक्तात शिरतो आणि मग काही तासांत मेंदूज्वर किंवा सेप्सिसने धडधाकट माणूस दगावू शकतो. सर्वांत जास्त धोका तान्ह्या बाळांना. पण जिवाणू सर्वांत जास्त बाळगतात ती सतरा-अठराच्या आसपासची मुलं. नोव्हेंबर 1999 मध्ये ब्रिटनने ‘सी’ गटाच्या मेनिंगोकॉकसविरुद्ध नवी लस द्यायला सुरुवात केली, जगात पहिल्यांदा. लस टोचलेला माणूस वाचेल हे दिसत होतं. पण टोचलेल्याच्या घशातूनही जिवाणू हटेल का? हटला, तर न टोचलेलेही वाचतील. न हटला, तर लस ज्याची त्याची. याचं उत्तर प्रयोगशाळेतल्या उंदराकडे नव्हतं, इस्पितळातल्या रुग्णाकडेही नव्हतं. ते फक्त निरोगी किशोरांच्या घशात होतं.

ऑक्सफर्डचे मार्टिन मेडन आणि त्यांचे सहकारी शाळा-कॉलेजांत गेले. लस सुरू होण्याच्या वेळी 1999 मध्ये पंधरा ते सतरा वयाच्या 14,064 विद्यार्थ्यांचे आणि वर्षभराने 16,583 विद्यार्थ्यांचे घशाचे स्वॅब घेतले. आता कोविडमुळे स्वॅब म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं, पण घशाच्या मागच्या भिंतीवर, टॉन्सिलच्याही पलीकडे काडी फिरवली जाते तेव्हा उमासा येतोच, डोळ्यांत पाणी येतं. पुढचा मुलगा रांगेतून ते बघत असतो आणि तरी तोंड उघडतो. उत्तर 2002 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं: ‘सी’ गटाचा जिवाणू बाळगणाऱ्यांचं प्रमाण 66 टक्क्यांनी घटलं होतं. लस संसर्गाची साखळीच तोडत होती.

इथे विद्यार्थ्यांनी एकही जनुक तपासलं नाही, एकही पिपेट धरला नाही. आणि तरीही त्यांच्यावाचून अडलं असतं, पूर्णपणे. सहभाग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो. नमुना देणाऱ्याला आपण सहभागी धरत नाही. मला हा अन्याय वाटतो. पण त्याची दुसरी बाजूही आहे. याच पाहणीत मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती: सिगरेट ओढता का, पबमध्ये जाता का, कोणाचं चुंबन घेतलं का. घशातला जिवाणू याच वाटांनी फिरतो, म्हणून प्रश्न अटळ होते आणि त्यांतून धूम्रपान, चुंबन आणि पब यांचा संबंध खरोखरच दिसला. पण वर्गमित्र बाजूला उभा असताना, शिक्षक दारात असताना सतरा वर्षांची मुलगी अशा प्रश्नावर काय खूण करेल? कागद कुठे बसून भरायचा, घडी घालून कोणाकडे द्यायचा, हे ज्यांना अनुभवाने कळतं त्यांना प्रश्नावली तयार होत असतानाच बोलवायला हवं. स्वॅबपासून सल्ल्यापर्यंतचं अंतर तेवढंच आहे.

सल्ला देणारी मंडळं आता ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. ब्रिस्टल विद्यापीठाच्या ‘चिल्ड्रन ऑफ द नाइंटीज’ या अभ्यासात 1991-92 मधल्या 14,541 गर्भारपणांची नोंद झाली आणि त्यातून जन्मलेल्या मुलांचा मागोवा अजून चालू आहे. ही मुलं किशोरवयात आल्यावर त्यांच्यातलीच काही घेऊन किशोरांचं सल्लागार मंडळ बनवलं गेलं. आईने आपल्या जन्माआधी दिलेल्या होकाराच्या जोरावर आपले दवाखान्याचे आणि शाळेचे रेकॉर्ड आयुष्यभर जोडत राहायचे का, हा प्रश्न त्यांच्या अठराव्या वर्षी त्यांनाच पुन्हा विचारावा लागला. लिव्हरपूलमध्ये 2006 साली सुरू झालेला तरुणांचा सल्लागार गट आणि नंतर ‘जनरेशन आर’ नावाखाली जोडले गेलेले देशभरचे गट मुख्यतः औषधांच्या चाचण्यांचे कागद वाचतात: माहितीपत्रक कळतं का, इतक्या वेळा रक्त काढणं गरजेचं आहे का, परीक्षेच्या आठवड्यात दवाखान्याची फेरी कोणी ठेवली.

या गटांबद्दल माझं मत संमिश्र आहे. रॉजर हार्ट यांनी 1992 साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही: मुलांना वापरून घेणं, मुलांना सजावटीसारखं मिरवणं आणि नावापुरतं विचारणं. आजकाल अनुदानाच्या अर्जात सहभागाचा रकाना भरावाच लागतो, आणि तिसरी पायरी तिथे सहज गाठली जाते. प्रश्न ठरलेला, पद्धत ठरलेली, पैसा मंजूर. मग दोन पिझ्झा मागवून मुलांना पत्रकाचा रंग विचारायचा. ज्या मंडळाच्या सांगण्यावरून एखादा प्रश्न गळला किंवा एखादी सुई कमी झाली, ते खरं मंडळ. उत्तर आयर्लंडमधल्या लॉरा लंडी यांनी 2007 मध्ये हेच फार नेमकं मांडलं: बोलायला जागा आणि आवाज देऊन भागत नाही, ऐकणारा माणूस हवा आणि ऐकल्याचा परिणाम दिसायला हवा.

संमतीच्या बाबतीत सोळा हा आकडा ब्रिटनमध्ये फार महत्त्वाचा ठरतो. 2004 च्या नियमांनुसार औषधांच्या चाचण्यांसाठी सोळा वर्षांखालची व्यक्तीच अज्ञान धरली जाते. सोळा पूर्ण झालेला विद्यार्थी स्वतः सही करतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाने 2018 मध्ये ‘बी ऑन द टीम’ हा मेनिंगोकॉकसच्या ‘बी’ गटाविरुद्धच्या लशींचा अभ्यास सुरू केला तेव्हा 24,000 सिक्स्थ फॉर्म वयाचे विद्यार्थी घेण्याचा बेत त्यामुळेच पेलण्यासारखा वाटला. (कोविडने शाळा बंद पडल्या आणि कामाची घडी विस्कटली, तो भाग वेगळा.) आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अठरापर्यंत पालकांची संमती लागते आणि मुलाचा होकार त्याच्या जोडीला. घरचा वडीलधारा सही करतो तेव्हा मुलाच्या होकाराला किती वजन उरतं, हे आपण सगळे जाणतो. तरीही ब्रिटिश नियम जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणणार नाही. शाळेच्या हॉलमध्ये, मित्रांच्या रांगेत उभं राहून सोळाव्या वर्षी केलेली सही कितपत मोकळी असते, हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

‘बी’ गटाच्या लशीचं एक उत्तर दक्षिण ऑस्ट्रेलियातून मात्र आलं. अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या हेलन मार्शल यांच्या अभ्यासात 2017 पासून दहावी ते बारावीच्या जवळपास 35,000 विद्यार्थ्यांनी भाग घेतला. निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाला: ही लस घशातला जिवाणू हटवत नाही. म्हणजे ‘सी’ गटात जे घडलं ते ‘बी’ गटात घडलं नाही. पस्तीस हजार मुलांच्या उमाशांचं उत्तर ‘नाही’. हे उत्तर पहिल्याइतकंच किमती आहे, कारण त्यावरून लस कोणाला द्यायची याची धोरणं ठरतात. विद्यार्थ्यांपर्यंत ते ‘नाही’ त्याच मानाने पोचवता आलं पाहिजे. 943 चं 980 करून वाढलेल्या माझ्यासारखीला हे शिकायला बरीच वर्षं लागली.

या सगळ्यात शिरकाव कोणाचा होतो? सायमन लँग्टन ही प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणारी शाळा. सिडनी ग्रामर ही मोठी फी घेणारी. लॅब चांगली, शिक्षक पीएचडी झालेले, पालकांपैकी कोणीतरी विद्यापीठात. विद्यापीठापासून दूरच्या गावातल्या, घरात पहिल्यांदाच कोणी पदवीला जाणार आहे अशा मुलीला प्रयोगशाळेचं दार कोण दाखवणार? ‘आठवडाभराची लॅब’ तिकडेही ओळखीवरच मिळते. 1996 साली सुरू झालेली नफील्ड रिसर्च प्लेसमेंटची योजना मला म्हणून सगळ्यात भावली. सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळी सुट्टीत काही आठवडे विद्यार्थी खऱ्या संशोधनगटात काम करत, प्रवासखर्च मिळे, गरजूंना भत्ता मिळे, आणि निवडताना साधन कमी असलेल्यांचा विचार आधी होई. बसभाड्याची तरतूद हे मला भाषणांपेक्षा मोठं वाटतं. जीनोम डिकोडर्ससारख्या कामाला तर नुसता कॉम्प्युटर आणि इंटरनेट पुरतो. आपल्याकडे सीएसआयआरच्या ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ने 2009-10 मध्ये क्षयाच्या जिवाणूच्या सुमारे 4,000 जनुकांची माहिती देशभरातल्या कॉलेजविद्यार्थ्यांकडून नव्याने जुळवून घेतली होती, तीही याच वाटेने. जुनियर कॉलेजपर्यंत ती वाट यावी असं मला मनापासून वाटतं.

शिक्षकांचं काय, हा मुद्दा थोडक्यात पण ठामपणे. सिक्स्थ फॉर्मअखेरच्या ‘ए लेव्हल’ परीक्षेच्या मार्कांत अशा कामाला जागा नाही; फार तर ‘एक्स्टेंडेड प्रोजेक्ट’ या स्वतंत्र पात्रतेसाठी पाच हजार शब्दांचा प्रबंध म्हणून ते बसवता येतं. बाकी सगळं शिक्षकाच्या आणि लॅब असिस्टंटच्या पदरच्या वेळातून. त्यांच्या तासिका कमी केल्याशिवाय कुठलाही उपक्रम त्या एका उत्साही शिक्षकाच्या बदलीनंतर टिकत नाही.

मुलांना फायदा होतो का, याचे पुरावे हवे तितके पक्के नाहीत. जुडिथ बेनेट, मायकेल राइस आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये शाळकरी संशोधन-प्रकल्पांवरचे अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले. विद्यार्थी आनंद मिळाल्याचं, आत्मविश्वास वाढल्याचं सांगतात. पण तुलनेचा गट घेऊन, नीट मोजून केलेले अभ्यास थोडे. जो गट मुळातच हौसेने आला, तो नंतरही हौशी असणारच. मोजमाप चोख केलं ते साउथॅम्प्टनच्या ‘लाइफलॅब’ने. तिथल्या इस्पितळातच शाळकरी मुलांसाठी लॅब आहे; मुलं स्वतःच्या रक्तवाहिन्या सोनोग्राफीवर पाहतात, मुठीची ताकद मोजतात, संशोधकांना भेटतात. 38 शाळांतल्या 13-14 वर्षांच्या 2,929 विद्यार्थ्यांवर केलेल्या चाचणीत वर्षानंतर आरोग्याची समज वाढलेली दिसली. खाण्यापिण्याच्या सवयी मात्र बदललेल्या दिसल्या नाहीत. त्यांनी हा निकाल झाकला नाही, आणि त्याच गटाने पुढची चाचणी आखली.

लाइफलॅबच्या मागे जो विचार आहे, की माणसाच्या म्हातारपणच्या मधुमेहाची आणि हृदयविकाराची मुळं आईच्या पोटात असतात, त्याला पुण्याने मोठा आधार दिला आहे. साउथॅम्प्टनच्याच डेव्हिड बार्कर आणि कॅरोलाइन फॉल यांच्या सोबतीने पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. ती बाळं वाढून किशोर झाली तेव्हा, 2012 मध्ये, ‘प्रिया’ या चाचणीत त्यांना बी-12 देऊन पाहिलं गेलं, त्यांच्या पुढच्या पिढीसाठी. पुढे ‘टॅलेंट’ या प्रकल्पात पुण्या-मुंबईतल्या आणि आफ्रिकेतल्या पंधरा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना गटागटाने बसवून विचारलं: तुम्ही काय खाता, ते कोण ठरवतं? चांगलं काय हे त्यांना ठाऊक होतं. अडत होतं ते दुसरीकडे. साउथॅम्प्टनची चाचणी आकड्यांत जे सांगून गेली तेच ही मुलं शब्दांत सांगत होती.

संशोधनाची गती आणि शाळेची गती जुळत नाही, ही शेवटची अडचण. सिक्स्थ फॉर्म दोन वर्षांत संपतो. निकाल तीन, पाच, दहा वर्षांनी येतो, तोवर मुलं पांगलेली असतात. 1999 साली घसा पुढे करणारे विद्यार्थी आज चाळिशी ओलांडून गेलेत. त्यांच्या घशाने दाखवलेल्या गोष्टीवर पुढे धोरण रचलं गेलं: 2013 पासून किशोरांना ‘सी’चा डोस, 2015 पासून चारही गटांची ‘एसीडब्ल्यूवाय’ लस, कारण साखळी तिथेच तुटते. आणि साखळी तुटलेली राहिली म्हणून 1 जुलै 2016 पासून ब्रिटनमध्ये तीन महिन्यांच्या बाळांना टोचायचा ‘सी’चा डोस बंद झाला. मांडीतली एक सुई कमी झाली. त्यातल्या कित्येक बाळांचे आई-बाप 1999 मध्ये त्याच रांगांत उभं राहण्याच्या वयाचे होते.